सोमप्रभेला कोणी विचारलं नाही



विक्रम राजाच्या खांद्यावरून वेताळाने सांगितलेल्या गोष्टींत सोमप्रभेची एक गोष्ट आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त ती पाचवी येते. उज्जैनच्या हरिस्वामीची ही मुलगी. तिने घरच्यांना आधीच बजावून ठेवलं होतं: नवरा शूर असावा, ज्ञानी असावा किंवा विज्ञानी असावा, यांतलं काहीच नसेल तर लग्न नको. अट एकच, पण ऐकणारे तीन. बापाने एकाला शब्द दिला, भावाने दुसऱ्याला, आईने तिसऱ्याला. ठरल्या दिवशी तिन्ही नवरदेव दारात हजर झाले आणि मुलगीच नाहीशी झाली. ज्ञानी म्हणाला, धूम्रशिख राक्षसाने तिला विंध्याच्या अरण्यात नेली आहे. विज्ञान्याने आकाशातून जाणारा रथ सिद्ध केला, सगळे त्यात बसले. शूराने राक्षसाला मारलं. सोमप्रभा परत आली आणि तिघांचं भांडण जुंपलं. हिच्यावर हक्क कोणाचा?

विक्रमाने निवाडा शूराच्या बाजूने दिला. बाकीचे दोघे केवळ साधनं ठरले. राजाचं मौन सुटलं, वेताळ प्रेत घेऊन पुन्हा झाडावर जाऊन लटकला आणि पुढची गोष्ट सुरू झाली.

या सगळ्यात सोमप्रभेला कोणी विचारलं नाही. गोष्टीच्या सुरुवातीला आपली अट स्वतः सांगणारी ही मुलगी शेवटी एक अक्षर बोलत नाही. यंत्र आहे, उड्डाण आहे, परक्या मुलखातलं अपहरण आहे, तीन प्रेमिक आहेत; आजच्या किशोर-कुमारांसाठी लिहिल्या जाणाऱ्या विज्ञान-प्रेमकथेचं सगळं सामान हजार वर्षांपूर्वीच्या या गोष्टीत तयार आहे. उणीव एवढीच, की यंत्राची किल्ली मुलीच्या हातात नाही. या व्याख्यानाचा विषय ती किल्ली हा आहे. त्यासाठी पुण्या-मुंबईआधी चेन्नईला जावं लागतं.

मराठी घरांत वेताळ आला तो मुख्यतः मद्रासहून. जुलै १९४७ मध्ये बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी तेलुगूत ‘चंदामामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ हे मुलांचं मासिक सुरू केलं. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून निघू लागला. वडपळनी भागातल्या अर्काट रोडवरून तो छापून यायचा, आणि ‘मद्रास २६’ हा पत्ता साताऱ्या-सांगलीच्या पोरांनाही पाठ असायचा. गोष्टी बहुतेक तेलुगूत लिहिल्या जात आणि तिथून बाकीच्या भाषांत जात. १९५२ पासून १९८० पर्यंत त्यामागे कोडवटिगंटी कुटुंबराव या मोठ्या तेलुगू लेखकाचा हात होता. मूळच्या पंचवीस गोष्टी संपल्या तरी वेताळ थांबला नाही. त्याच चौकटीत दुसऱ्या गोष्टी बसवल्या गेल्या आणि महिन्यामागून महिने राजा तेच प्रेत उतरवत राहिला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, भोवती कवट्या आणि वाकडी झाडं, हे चित्र के. सी. शिवशंकर यांचं. ‘शंकर’ एवढ्याच सहीने मराठी मुलं त्यांना ओळखत. २०२० मध्ये ते वारले तेव्हा वयाची नव्वदी त्यांनी केव्हाच ओलांडली होती. १९९८ मध्ये कामगारांच्या तंट्यात ‘चंदामामा’ काही काळ बंद पडला, पुन्हा निघाला, २००७ मध्ये मालक बदलले आणि २०१३ च्या सुमारास तो कायमचा थांबला.

ही हकीकत सविस्तर सांगण्याचं कारण आहे. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हेच दोघे विजया प्रॉडक्शन्सचेही धनी होते, आणि वडपळनीचा विजया-वाहिनी स्टुडिओ नागी रेड्डींचा. गोष्टींचा छापखाना आणि गोष्टींचा पडदा एका मालकीचे होते. १९५१ मध्ये तिथून ‘पाताळभैरवी’ निघाला. माळ्याचा मुलगा, राजकन्या, मांत्रिक आणि मागाल ते देणारी देवी. अल्लाउद्दीनच्या गोष्टीचं ते दक्षिणी रूप. १९५७ मध्ये के. व्ही. रेड्डी यांचा ‘मायाबजार’ आला. मराठी माणसाला हे कथानक ‘वत्सलाहरण’ म्हणून ठाऊक आहे. बळरामाची मुलगी, अभिमन्यूवरचं तिचं प्रेम, दुर्योधनाच्या मुलाशी ठरवलेलं लग्न आणि ऐन वेळी तिचं रूप घेऊन बसलेला घटोत्कच. तेलुगूत ही मुलगी शशिरेखा होते, आणि सावित्रीने ती अशी रंगवली आहे की बाकीचे नट तिच्याभोवती फिरतात.

त्या चित्रपटात ‘प्रियदर्शिनी’ नावाची एक पेटी आहे. झाकण उघडायचं आणि आत पाहायचं; पाहणाऱ्याला सर्वांत प्रिय जे असेल ते त्यात दिसतं. शशिरेखा पेटी उघडते आणि दूर असलेला अभिमन्यू तिला समोर दिसतो, हसतो, गातो. मार्कस बार्टली यांच्या कॅमेऱ्याने हे दृश्य १९५७ च्या साधनांनी टिपलं आहे. आजच्या प्रेक्षकाला ती पेटी थेट लॅपटॉपसारखी वाटते, आणि दक्षिणेत ही गंमत घरोघर बोलली जाते. पण साम्य तिथेच संपत नाही. ही पेटी मुलीच्या मांडीवर आहे. घरात तिच्या लग्नाची खलबतं चालू असताना तिला काय हवं आहे हे सांगणारं एक यंत्र तिच्यापाशी आहे, आणि ते खोटं बोलू शकत नाही. सोमप्रभेपाशी असं काही असतं, तर विक्रमाला निवाडा देण्याची गरजच पडली नसती.

अवघ्या सहा वर्षांनी, १९६३ मध्ये, ए. कासिलिंगम यांच्या ‘कलै अरसी’ या तमिळ चित्रपटाने सोमप्रभेचीच गोष्ट जणू अवकाशात नेली. परग्रहवासी दाखवणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटांमध्ये त्याची गणना होते. त्या ग्रहावर विज्ञान भरपूर, पण कला नाही. म्हणून तिथले लोक पृथ्वीवरच्या गायिकेला तबकडीतून पळवून नेतात. गायिका भानुमती, तिला सोडवायला जाणारा नायक एम. जी. रामचंद्रन. राक्षसाच्या जागी दुसरा ग्रह, रथाच्या जागी तबकडी. कल्पना मोठी देखणी आहे: यंत्रांनी भरलेल्या जगाला गाण्याची भूक लागते. तरीही सूत्र जुनंच राहतं. मुलगी पळवली जाते, पुरुष तिला परत आणतो.

तमिळ विज्ञानकथेला घराघरात नेणारे लेखक म्हणजे सुजाता. खरं नाव एस. रंगराजन, लेखनासाठी त्यांनी पत्नीचं नाव घेतलं. १९३५ मध्ये ते मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये जन्मले, श्रीरंगमला वाढले, अभियंता झाले आणि बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये असताना मतदान यंत्राच्या कामात त्यांचा वाटा होता. ‘आनंद विकटन’ या मद्रासच्या साप्ताहिकात १९८० च्या दशकात त्यांची ‘एन इनिय इयंदिरा’ ही कादंबरी क्रमशः आली. काळ एकविसाव्या शतकाचा, माणसांची नावं दोन अक्षरी: निला, सिबी, रवी. जीवा नावाच्या सर्वसत्ताधीशाच्या राज्यात निलाचा नवरा सिबी बेपत्ता होतो आणि तिच्या घरात जीनो नावाचा बोलका, चौकस यंत्रकुत्रा येतो. पुढच्या साऱ्या घडामोडींचं केंद्र निला आहे, आणि तिचा खरा सोबती तो कुत्रा. परीकथेतला बोलणारा पोपट किंवा उपकार फेडणारा नाग जे काम करतो, ते जीनो करतो. सुजातांना जुन्या गोष्टींची हाडं कुठे असतात हे अचूक माहीत होतं.

२००८ च्या फेब्रुवारीत सुजाता गेले. दिग्दर्शक शंकर यांच्या ‘एंदिरन’ या चित्रपटासाठी त्यांनी केलेलं लेखन पडद्यावर आलं ते १ ऑक्टोबर २०१० ला. हिंदीत तो ‘रोबोट’ झाला. डॉक्टर वसीगरन आणि त्यानेच घडवलेला यंत्रमानव चिट्टी, या दोन्ही भूमिका रजनीकांतच्या. म्हणजे बेंगळुरूच्या एका मराठी घरातल्या शिवाजीराव गायकवाडांनी भारतातला सर्वांत गाजलेला प्रेमात पडणारा यंत्रमानव साकारला, ही गोष्ट या सभागृहात सांगताना आनंद होतो. चिट्टीला भावना दिल्या जातात, त्यातून तो वसीगरनच्या प्रेयसीच्या, सनाच्या, प्रेमात पडतो, आणि निर्माता व निर्मिती एकाच मुलीसाठी समोरासमोर येतात.

पण इथेही तक्रार तीच राहते. दोघे भांडतात ते सनावरून. सनाला स्वतःचं म्हणून फार थोडं काम आहे. चित्रपटाचा शेवट मात्र विलक्षण आहे. काही वर्षांनंतरचं संग्रहालय, सुटे भाग करून मांडून ठेवलेला चिट्टी, आणि सहलीला आलेली एक शाळकरी मुलगी विचारते की याला का मोडलं. चिट्टीच सांगतो की आपण विचार करायला लागलो म्हणून. अख्ख्या चित्रपटात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारणारी व्यक्ती ही शाळकरी मुलगी आहे. कुमारवयीन वाचकांसाठीची खरी कादंबरी तिथून पुढे सुरू व्हायला हवी होती.

आता थोडं पश्चिमेकडे. मरिसा मेयर या अमेरिकन लेखिकेची ‘सिंडर’ जानेवारी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे पहिले खर्डे २००८ च्या नोव्हेंबरात, महिन्याभरात कादंबरी लिहिण्याच्या उपक्रमात झाले होते. पुढे ‘स्कार्लेट’, ‘क्रेस’ आणि ‘विंटर’ आल्या. लाल टोपीवाली, लांब केसांची रापुंझेल आणि हिमगौरी अशा तीन परीकथा त्यांत गुंफल्या आहेत. ‘सिंडर’ सोळा वर्षांच्या सिंड्रेलेची गोष्ट. गाव न्यू बीजिंग. याला आधार आहे: सिंड्रेलेच्या गोष्टीचं फार जुनं लिखित रूप चीनमधलं, नवव्या शतकातल्या दुआन चेंगशीने नोंदवलेलं ये शियानचं. काचेची सपाती पेरोच्या फ्रेंच गोष्टीत १६९७ मध्ये आली.

मेयर यांची सिंडर बाजारातल्या गाळ्यावर बसणारी मेकॅनिक आहे. तिचा एक हात आणि एक पाय धातूचा. कादंबरी सुरू होते तेव्हा ती आपल्या घोट्यातला गंजलेला स्क्रू काढत असते, कारण लहानपणी बसवलेला पाय आता तिला लहान पडतो.  कायद्याने ती सावत्र आईच्या मालकीची वस्तू आहे. तेवढ्यात युवराज काई आपला बिघडलेला यंत्रमानव दुरुस्त करून घ्यायला गाळ्यावर येतो. भोपळ्याची गाडी इथे भंगारातून उचलून चालू केलेली नारिंगी जुनी मोटार झाली आहे, आणि राजवाड्याच्या पायऱ्यांवर मागे राहतो तो जोडा नसून अख्खा पाय.

यात करमणुकीपलीकडे काय आहे? सिंड्रेलेच्या मूळ गोष्टीत ओळख पटवण्याची कसोटी बाहेरून येते. जोडा दुसऱ्याने आणायचा, पाय आपण पुढे करायचा. मेयर यांनी कसोटी मुलीच्या शरीरातच ठेवली. राजपुत्राने पाय उचलून पाहिला की तिला लपवायचं होतं ते सगळं उघड होतं. शिवाय ती स्वतः दुरुस्ती करणारी आहे. सोमप्रभेच्या गोष्टीतला विज्ञानी इथे नवरदेवांच्या रांगेत उभा नाही. विज्ञानी तीच आहे.

आणि हे मद्रासने आधीच छापलं होतं. १९०५ मध्ये. कमला सत्यनाथन यांनी १९०१ मध्ये मद्रासहून ‘इंडियन लेडीज मॅगझिन’ हे इंग्रजी मासिक काढलं होतं. त्यात बंगालच्या रोकेया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही कथा आली. नायिका आरामखुर्चीत डुलकी घेते आणि स्त्रियांच्या देशात जागी होते. तिथे पडद्यात पुरुष बसतात. विद्यापीठं स्त्रियांची. एका विद्यापीठाने ढगांतून पाणी काढण्याची युक्ती शोधली आहे, दुसऱ्याने सूर्याची उष्णता साठवण्याची, आणि त्याच साठवलेल्या उन्हाने शत्रूचं सैन्य परतवलं जातं. स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, प्रवास हवेतल्या गाडीतून. ही प्रेमकथा नाही, हे मान्य. पण राजकन्येला सोडवायला कोणी येणार नसेल तर ती काय करील, याचं इतकं नि:शंक उत्तर त्या काळी जगातही फार थोड्या ठिकाणी छापलं गेलं असेल. शंभर वर्षांनी, २००५ मध्ये, चेन्नईच्याच तारा बुक्सने दुर्गाबाई या गोंड चित्रकर्तीच्या चित्रांसह ही कथा पुन्हा काढली.

छापखान्यानंतर आता मद्रासच्या रंगमंचाकडे. चेन्नईच्या एग्मोर भागात म्युझियम थिएटर आहे. तिथे ७ डिसेंबर १९७२ रोजी मद्रास प्लेअर्स या संस्थेने गिरीश कार्नाडांचं ‘हयवदन’ इंग्रजीत उभं केलं. कार्नाड त्याआधी मद्रासला ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीला होते आणि या मंडळींत वावरलेले होते. नाटकाचं मूळही वेताळाच्याच गोष्टीत: दोन पुरुष देवीपुढे आपापलं शिर कापतात, बाई घाईत डोकी उलटसुलट बसवते, आणि प्रश्न उरतो की नवरा कोण, डोकं की धड? विक्रम म्हणतो डोकं. टोमास मान यांनी १९४० मध्ये या गोष्टीवर लघुकादंबरी लिहिली होती. कार्नाडांनी मात्र त्या बाईला, पद्मिनीला, इच्छा दिली. तिला नवऱ्याची, देवदत्ताची, बुद्धी हवी आहे आणि त्याच्या मित्राचं, कपिलाचं, शरीरही. मराठीत चिं. त्र्यं. खानोलकरांनी हे नाटक आणलं आणि विजया मेहता यांनी ते बसवलं, तेव्हा आपल्या प्रेक्षकांनीही हा प्रश्न रंगमंचावर पाहिला. अवयव बदलले तर माणूस तोच राहतो का, प्रेम कोणत्या भागावर असतं, हे सिंडरचेही प्रश्न आहेत. तिच्या कपाळावर कायद्याने छापच मारला आहे की ती पूर्ण माणूस नाही.

मग मराठीत अशी कादंबरी का नाही? विज्ञानकथा आपल्याकडे आहे आणि सकस आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, आणि लेखक जयंत नारळीकर निघाले. पुढे त्यांनीच ‘वामन परत न आला’मध्ये तीन पावलांच्या पुराणकथेला यंत्राचा देह दिला. बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रकार वाढवला. मात्र या कथांतली माणसं बहुतेक प्रौढ आहेत: शास्त्रज्ञ, अधिकारी, डॉक्टर. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी त्यांत कोणाची तरी लेक किंवा बहीण म्हणून येते. प्रेमाचं वय विज्ञानकथेने टाळलं आणि प्रेमकथेने यंत्र टाळलं. त्या वयाचा मराठी वाचक त्यामुळे सरळ इंग्रजीकडे गेला. हा त्याचा दोष नाही. त्याच्यासाठी आपण काही ठेवलंच नाही.

सामग्रीची मात्र ददात नाही. श्रावणी सोमवारची शिवामुठीची कहाणी घ्या. आटपाट नगरच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या आणि एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, राहायला गुरांचा गोठा. रानात नागकन्या-देवकन्या भेटतात, शिवामूठ वाहण्याचं व्रत देतात. पुढे एक दिवस घरचे तिच्यामागून रानात जातात, आणि तिच्या प्रार्थनेने लहानसं देऊळ सोन्याचं होतं, रत्नांचे खांब उभे राहतात. राजा थक्क होतो. पागोटं खुंटीवर ठेवून तळं पाहायला जातो. परतताना ते तिथेच विसरतो, आणायला मागे जातो, तर सोन्याचं देऊळ नाहीसं झालेलं. उरलेलं असतं ते साधं देऊळ, पिंडी, नावडतीने केलेली पूजा आणि खुंटीवर आपलं पागोटं.

सिंड्रेलेची वेळमर्यादा, भोपळ्याचा रथ आणि मागे राहिलेली वस्तू, तिन्ही या कहाणीत आहेत, आणि एक गोष्ट तिच्यापेक्षा सरस आहे: मागे विसरतो तो राजा. तपासणी सासऱ्याची होते. ज्या लेखिकेला ही कहाणी पुढच्या शतकात न्यायची असेल तिला गोठा, रान आणि ते देऊळ यांची यंत्रं शोधावी लागतील, आणि त्याहून अवघड, नावडतीचं प्रेम कोणावर आहे हे ठरवावं लागेल. कारण कहाणीत नवरा जवळजवळ नाहीच. सुनेला पालखीत घालून घरी नेतात, तिथे कहाणी थांबते. ती पालखीत बसायला तयार होती का, हेही कोणी नोंदवलेलं नाही.

तेव्हा मराठी विज्ञान परिषदेला आणि किशोरांसाठी पुस्तकं काढणाऱ्या प्रकाशकांना इथून एक विनंती करायची आहे. विज्ञानकथास्पर्धेत पंधरा ते अठरा वर्षांच्या लेखकांसाठी वेगळा गट ठेवावा, आणि पहिल्या वर्षी विषय एकच द्यावा: सोमप्रभा. रथ कोणी बांधला, राक्षस कोण होता, विंध्याचं अरण्य कोणत्या ग्रहावर होतं, हे मुलांनी ठरवावं. तीन नवरदेवांपैकी कोण, की कोणीच नाही, याचं उत्तर तिच्या तोंडून आलं पाहिजे, एवढीच अट असावी. परीक्षकांत निदान एक तरी जण त्याच वयाचा असावा.